पाचशे हॉर्सपॉवरची सेकंडहँड एसयूव्ही आणि चाळीसच्या स्पीडची टेस्ट ड्राइव्ह

प्रकरण असं. माझ्या एका मित्राला सेकंडहँड परफॉर्मन्स एसयूव्ही घ्यायची होती, एक गाडी त्याच्या डोक्यात पक्की बसली होती, आणि पैसे मोजायच्या आधी चालवून बघायला तो मला बरोबर घेऊन गेला, कारण एकदा सीटवर बसला की आपल्याला काही ऐकू येणार नाही हे त्याला स्वतःलाच माहीत होतं. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, हे एका नगाचं प्रकरण आहे, कंपनीवर निकाल द्यायचा नाहीये. ट्विन टर्बो व्ही ८ (व्ही आकारात दोन ओळींत आठ सिलिंडर, आणि इंजिनात जास्त हवा कोंबणारे दोन टर्बो), पाचशेच्या आसपास हॉर्सपॉवर, आठ गिअरची ऑटोमॅटिक, चारही चाकांना ड्राइव्ह, एअर सस्पेन्शन (स्टीलच्या स्प्रिंगऐवजी हवेवर तोललेलं), २१ इंची चाकं, मीटरवर ६२ हजार किलोमीटर. एकच मालक, अपघात नाही, "मोस्टली हायवे रनिंग" असं जाहिरातीत लिहिलेलं. म्हणजे नेहमीचंच सगळं.

ताकदवान एसयूव्हींची ही जात तशी फार जुनी नाही. १९९९ ला मर्सिडीजने एमएल ५५ एएमजी काढली, २००२ मध्ये पोर्शची कायेन आली आणि तिच्या टर्बोला ४५० हॉर्सपॉवर होती, तेव्हा लोक हसले होते की स्पोर्ट्सकारवाल्यांनी हे काय चालवलंय. मग २००९ ला बीएमडब्ल्यूने एक्स ५ एम आणली, २०१४ ला रेंज रोव्हर स्पोर्ट एसव्हीआर ५५० हॉर्सपॉवर घेऊन आली, आणि २०१७ च्या शेवटी दाखवलेली लॅम्बोर्गिनीची उरुस तर ६५० हॉर्सपॉवरवर ० ते १०० फक्त ३.६ सेकंदात जायची. सव्वादोन टनाच्या आसपासचं धूड एवढ्या वेगात पळवायचं म्हणजे ब्रेक, टायर, गिअरबॉक्स, सस्पेन्शन सगळ्यांवर मरणाचा ताण येतो. या गाड्यांची किंमत पहिल्या काही वर्षांत धाडकन पडते, म्हणूनच त्या आपल्या टप्प्यात येतात, पण स्पेअर पार्टच्या किमती काही पडत नाहीत, त्या नव्या गाडीच्याच राहतात. सेकंडहँड घेणारा फसतो तो याच ठिकाणी.

फोनवर मालकाला मी एकच गोष्ट सांगितली होती, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. तो म्हणाला हो हो, काळजीच करू नका. पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे बोनेटवर हात ठेवला, तर बोनेट गरम. विचारलं तर म्हणे धुवायला नेली होती. असेलही, गाडी विकताना माणूस धुतोच, त्यात संशय घ्यायलाच पाहिजे असं नाही. पण गरम इंजिन चालू केलं की निम्म्या गोष्टी कळतच नाहीत. रात्रभर थंड पडलेल्या इंजिनाला चावी मारल्यावर पहिल्या दोन-चार सेकंदात टायमिंग चेनची खडखड ऐकू येते का, एग्झॉस्टमधून निळसर धूर येतो का, लयीत टिकटिक येते का आणि गरम झाल्यावर ती जाते की राहते, हे सगळं फक्त थंड असतानाच कळतं. तेव्हा मालकाला तिथेच सांगितलं की आज चालवून बघतो, पण थंड स्टार्टसाठी एका सकाळी परत येणार. तो जरा नाराज झाला, पण नाही म्हणाला नाही.

कागदपत्रं, इन्शुरन्स चालू आहे का आणि दुसरा माणूस चालवत असेल तर ते कव्हर होतं का, चासी नंबर जुळतो का, हे आधी उरकलं. यात काही गडबड नव्हती.

मग मालकाने स्वतः चालवून दाखवली, आणि अर्थातच मोकळ्या सरळ रस्त्यावर नेली, स्पोर्ट मोड लावला, म्युझिक चालूच होतं आणि पाय दाबला. गाडी पळते हो, त्यात वाद नाही, पोटात गोळा येतो. मित्राचा चेहरा बघून मला कळलं की मनातल्या मनात त्याने गाडी घरी नेऊन लावलेली आहे. नंतर तो चालवायला बसला, त्यानेही तेच केलं, सरळ रस्ता, फुल पिकअप, जोरात ब्रेक, परत फुल पिकअप. गाडीने एकदाही कुरकुर केली नाही. शंभरवरून जोरात ब्रेक मारला तर स्टेअरिंग थरथरलं नाही, गाडी एका बाजूला ओढली नाही, गिअर फटाफट पडत होते.

इथे माझं एक ठाम मत आहे आणि ते लोकांना पटत नाही. अशा गाडीची टेस्ट ड्राइव्ह पाय दाबून केली तर हाताला जवळजवळ काही लागत नाही. फुल पिकअपमध्ये गाडी काय लपवते त्याची यादी मोठी आहे. आवाज एवढा असतो की बुशचा (सांध्यांमधल्या रबराचा), बेअरिंगचा, एअर सस्पेन्शनच्या कॉम्प्रेसरचा आवाज त्यात बुडून जातो. आणि गाडीच्या आतले जे क्लच (पायाखालचं पेडल नव्हे, एकमेकांवर दाबल्या जाणाऱ्या प्लेट्स) अर्धवट दाबलेल्या अवस्थेत त्रास देतात ते पूर्ण दाबले गेले की गुपचूप बसतात. टर्बोचं बूस्ट (कोंबलेली हवा) गळत असेल, किंवा लोडवर प्लग-कॉइलचा मिसफायर (ठिणगी चुकणं) असेल, तर तो पाय दाबल्यावर कळतो हे खरं, म्हणून दोन-तीनदा दाबायचा. पण बाकीचा सगळा वेळ गाडी म्हाताऱ्या माणसासारखी चालवायची.

तर मी मित्राला म्हटलं आता म्युझिक बंद, एसी बंद, काचा खाली, मोड कम्फर्ट, आणि तो समोरचा बारीक चढ आहे ना तिथे तीस ते पन्नासच्या मध्ये, पाय इतका हलका ठेव की गाडी नाइलाजाने पुढे सरकतेय असं वाटलं पाहिजे. मालक मागे बसून म्हणाला, "अहो ही गाडी असं चालवायला थोडीच असते." चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या मध्ये कुठेतरी गाडीने तीन-चार बारीक गचके दिले, ओळीने, जणू टायर रुळांच्या फटींवरून गेला. मित्राला जाणवलेही नाहीत. मी म्हटलं परत घे.

मालकाचं म्हणणं रस्ता खराब आहे. ठीक, रस्ता खराब असेल तर पाय पूर्ण काढून त्याच जागेवरून गेलं तरी गचके यायला पाहिजेत. पाय काढला, गचके गायब. मग त्याच जागी पाय जरा जोरात दाबला, तरी गायब. परत हलका पाय, परत हजर. म्हणजे रस्ता नाही, आणि गोष्ट फक्त हलक्या थ्रॉटलला होतेय.

आता संशयित तीन. एक, मिसफायर. पण टर्बो इंजिनात कॉइल किंवा प्लग कमजोर असेल तर तो बहुतेक जास्त बूस्टला तोंडावर पडतो, आणि फुल पिकअपला ही गाडी एकदम साफ होती, चेक इंजिनचा दिवाही लुकलुकला नाही. दोन, टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांना ऑइलमधून जोडणाऱ्या भागाचा, लॉकअप क्लच, जो ती जोडणी घट्ट करतो. तो थरथरतो तेव्हा साधारण एकसारख्या वेगावर, गिअर ठरलेला असताना, लॉकअप लागतानाच्या क्षणी थरथरतो, तर मॅन्युअल मोडवर एक गिअर धरून ठेवला आणि आरपीएम वरखाली करून बघितलं, आमचे गचके आरपीएमला चिकटलेले नव्हते, पायाच्या दाबाला चिकटलेले होते. उरला तिसरा, ट्रान्सफर केस.

ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सच्या मागचा तो डबा जो पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमध्ये ताकद वाटतो. बऱ्याच गाड्यांत त्याच्या आत ऑइलमध्ये बुडालेल्या पातळ प्लेट्सचा गठ्ठा असतो, एक छोटी इलेक्ट्रिक मोटर तो गठ्ठा दाबते, आणि किती दाबायचा ते कंट्रोल युनिट दर क्षणाला ठरवतं. पाय पूर्ण दाबला की गठ्ठा घट्ट आवळला जातो, घसरायला जागाच राहत नाही. हलक्या पायावर तो अर्धवट आवळलेला असतो, थोडा धरतो थोडा सोडतो, आणि ऑइल म्हातारं झालं असेल किंवा प्लेट्स झिजल्या असतील तर धर-सोड, धर-सोड असं होतं आणि तेच गचके म्हणून सीटखाली येतं. म्हणून ज्याने पाय दाबून गाडी पास केली त्याला हा आजार कधीच दिसत नाही, आणि हा आजार स्वस्त नाही, अख्खं युनिट बदलायची वेळ आली तर गाडी घेण्याचा आनंद महिनाभर तरी जातो.

मग मोकळ्या पार्किंगमध्ये स्टेअरिंग फुल्ल वळवून चालण्याच्या वेगात गोल फिरवली, दोन्ही बाजूंना. पुढची चाकं अडखळत उड्या मारतात का ते बघायचं असतं. इथे मात्र एक जपून बोलायची गोष्ट आहे. रुंद टायर आणि थंड रस्ता असेल तर अशा काही गाड्यांची पुढची चाकं फुल्ल लॉकला स्टेअरिंगच्या भूमितीमुळेच घसटत उडी मारतात, त्यात यांत्रिक बिघाड काही नसतो, टायर गरम झाले की कमी होतं. त्यामुळे नुसत्या त्या उडीवरून ट्रान्सफर केसला फाशी देऊ नये. आमच्या गाडीचे टायर चांगले गरम होते तरी उजवीकडे वळताना अडकल्यासारखं होत होतं, गाडी स्वतःलाच धरून ठेवतेय असं. चढावरचे गचके आणि हे, दोन्ही एकत्र आले तेव्हा माझी जवळजवळ खात्री झाली.

खाली उतरून टायर बघितले आणि तिथे कारणही सापडलं. पुढचे दोन टायर जवळजवळ नवे, मागचे दोन वेगळ्या कंपनीचे आणि बरेच झिजलेले. साइडवॉलवर शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष, त्यावरून मागचे पुढच्यांपेक्षा चार वर्षांनी जुने निघाले. खाच मोजायच्या पट्टीने पुढे ७ मिलिमीटर, मागे ३. चार मिलिमीटर म्हणजे काय एवढं, असं मालकाने विचारलं, आणि प्रश्न बरोबरच आहे म्हणून हिशोब सांगतो. २९५/३५ आर २१ या मापाच्या टायरची त्रिज्या साधारण ३७० मिलिमीटर. त्यात ४ चा फरक म्हणजे ढोबळमानाने एक टक्का. एका किलोमीटरला हे चाक ४३० च्या आसपास फेरे घेतं, म्हणजे दर किलोमीटरला मागचं चाक पुढच्यापेक्षा चारेक फेरे जास्त मारतंय. चालत्या गाडीत टायर दबतो, त्यामुळे खरा फरक याहून कमी असेल, पण आहे तेवढा फरक कुठेतरी पचवावा लागतो आणि तो पचवतो तोच प्लेट्सचा गठ्ठा, सरळ रस्त्यावरसुद्धा, अखंड घसरत. म्हणून अशा गाड्यांना टायर बदलायचे तर चारही एकदम आणि एकाच जातीचे, नाहीतर टायरचे वाचवलेले पैसे ट्रान्सफर केस व्याजासकट वसूल करते.

खिशातला साधा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाड वाचणारं यंत्र, लावला. फॉल्ट कोड एकही नाही. मालक खुश. पण कोड नाहीत ही बातमी अर्धीच असते, पुढे दोन गोष्टी बघायच्या. एक रेडीनेस मॉनिटर, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एग्झॉस्टचा धूर स्वच्छ करणारा भाग), ऑक्सिजन सेन्सर वगैरेंच्या गाडीने स्वतःच घेतलेल्या परीक्षा, कोड पुसले की त्या सगळ्या परत "अपूर्ण" होतात आणि पूर्ण व्हायला गाडी वेगवेगळ्या प्रकारे चालावी लागते. दुसरी म्हणजे कोड पुसल्यापासूनचं अंतर, हा आकडा बऱ्याच गाड्या देतात आणि बहुतेकांना तो असतो हेच माहीत नसतं. इथे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अपूर्ण, इव्हॅप (टाकीतली पेट्रोलची वाफ अडवणारी यंत्रणा) अपूर्ण, आणि अंतर ३८ किलोमीटर, म्हणजे कोड नुकतेच पुसलेले. त्यातले बरेचसे आम्हीच चालवलेले. मालक म्हणाला बॅटरी नवीन टाकली म्हणून तसं असेल. बॅटरी काढली की मेमरी जाऊ शकते हे खरं आहे, म्हणून बॅटरीवरचं कव्हर काढून बघितलं, तिच्यावरचा तारखेचा शिक्का तीन वर्षं जुना. यावर तो काही बोलला नाही आणि आम्हीही ताणलं नाही, समोरच्याला खोटं पाडून काय मिळणार, आपल्याला गाडी बघायची होती.

थंड स्टार्टला परत गेलो तेव्हा बोनेट गार होतं. चालू केल्यावर सुरुवातीला आरपीएम वर आणि व्हॅक्युम क्लीनरसारखा एक आवाज, मित्र दचकला, पण अनेक गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापवायला एक्स्ट्रा हवा सोडणारा पंप असतो आणि तो मिनिटभरात बंद होतो. चेनचा आवाज नाही, टिकटिक नाही. मग इंजिन पूर्ण गरम झाल्यावर दहा मिनिटं नुसतं आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीत पाय न देता चालू, ठेवलं आणि मी मागे एग्झॉस्टपाशी उभा राहिलो, मित्राने एकदा रेस केली. ही परीक्षा मी मुद्दाम घेतो, कारण ज्या व्ही ८ मध्ये टर्बो सिलिंडरच्या दोन ओळींच्या मधल्या खोबणीत बसवलेले असतात तिथे उष्णता भयंकर साठते, व्हॉल्व्हचे रबरी सील कडक होतात, आणि आयडलवर ऑइल हळूहळू आत झिरपून रेस केल्याबरोबर निळा ढग बाहेर पडतो. इथे थोडा पांढुरका धूर आला आणि लगेच गेला, निळा नाही. इंजिनाच्या बाबतीत गाडी चांगली निघाली हे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे.

एअर सस्पेन्शनचं मात्र तसं नव्हतं. रात्रभर उभ्या गाडीची उंची चालू करायच्या आधी टेपने मोजली, चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत, चारही कोपरे. पुढचा डावा कोपरा उजव्यापेक्षा १८ मिलिमीटर खाली. चालू केल्यावर कॉम्प्रेसरने तो उचलला आणि सगळं समान दिसायला लागलं. दुपारी गाडी बघणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं. स्ट्रट (तो कोपरा हवेवर तोलणारा खांब) किंवा त्याचा जॉइंट गळतोय, आणि तसंच चालवत राहिलं तर बिचारा कॉम्प्रेसर जास्त पळून पळून जळतो, म्हणजे एकाचे दोन खर्च.

मालकाच्या संमतीने गाडी एका माहितीतल्या वर्कशॉपला लिफ्टवर चढवली, त्याचे पैसे मित्राने दिले. तिथल्या मोठ्या डायग्नोस्टिक मशीनवर इंजिनाचे चालू तास दिसतात, ते होते २,४८०. ६२ हजार भागिले २,४८०, सरासरी ताशी २५ किलोमीटर. मोस्टली हायवे म्हणे! मीटर मागे फिरवलंय असं यातून म्हणता येत नाही, पण ही गाडी ट्रॅफिकमध्ये उभी राहून राहून जगलेली आहे एवढं नक्की, आणि मग गिअरबॉक्स ऑइलचा प्रश्न येतो. गाडीच्या कंपन्या बऱ्याचदा ते आयुष्यभराचं म्हणून सोडून देतात, पण आठ गिअरचा बॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी बदला म्हणते. सर्व्हिस रेकॉर्डमध्ये त्याची नोंद नव्हती, ट्रान्सफर केसच्या ऑइलचीही नव्हती. ब्रेक डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, पुढच्या डिस्क त्याच्या अगदी जवळ आलेल्या. खालून इंजिन कोरडं, कूलंटचा डाग नाही, एक बुश फाटलेलं.

मेकॅनिकने सुचवलं की ट्रान्सफर केसचं ऑइल बदलून बघू, खर्च किरकोळ आहे, मालकाने होकार दिला. जे ऑइल निघालं ते काळं कुळकुळीत, बोटांत चोळलं तर बारीक काजळी लागत होती. नवीन ऑइल भरलं, सिस्टिम कॅलिब्रेट केली आणि त्याच चढावर गेलो. गचके नाहीत. मित्र माझ्याकडे बघून हसायला लागला, मालक तर म्हणाला बघा झालं ना, उगाच घाबरवलं तुम्ही.

मला ते झालं असं वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. ताज्या ऑइलने झिजलेल्या प्लेट्स जाड होत नाहीत. काही गाड्यांत ऑइल बदलून त्रास कायमचा जातो, कारण तिथे फक्त ऑइलच खराब झालेलं असतं, पण काहींत तो काही हजार किलोमीटरने परत येतो. आमच्या ऑइलमधली काजळी आणि असमान टायर बघता मी दुसऱ्या बाजूने धरलं. मी मित्राला म्हटलं, सोड ही गाडी, दुसरी बघू. तो म्हणाला, "इंजिन चांगलंय हे तूच म्हणालास ना, मग बाकीचं पैशाने सुटतं." बोलणं तसं खोटं नव्हतं, आणि गाडी त्याची, पैसे त्याचे.

मग भाव करायला आम्ही भावनेवर गेलो नाही, वर्कशॉपचं लेखी एस्टिमेट समोर ठेवलं. ट्रान्सफर केसचं अख्खं युनिट, चार टायर, पुढच्या डिस्क आणि पॅड, एक एअर स्ट्रट, एक बुश, गिअरबॉक्स सर्व्हिस. मालक ट्रान्सफर केसवरच अडून बसला, "आत्ता चालतेय ती बदलायचे पैसे मी का देऊ", आणि त्याच्या जागी मीही हेच बोललो असतो. शेवटी ट्रान्सफर केसची निम्मी रक्कम आणि बाकी सगळं पूर्ण कापून व्यवहार झाला, अट एकच की मित्र पुढच्या आठवड्यात पैसे एकरकमी देणार.

घेतल्यावर त्याने सगळ्यात आधी चार सारखे टायर घातले, मग गिअरबॉक्सचं ऑइल. उजवीकडे वळताना अडकल्यासारखं होणं टायर बदलल्यावर पूर्ण गेलं. ट्रान्सफर केसने अजून तरी त्रास दिलेला नाही, तो चढ दिसला की मित्र पाय हलका करून बघतो आणि मला फोन करून ऐकवतो. पहिला मोठा खर्च आला तो पुढच्या डाव्या स्ट्रटचा, आणि तो भावात आधीच कापलेला होता.